लोगोवरचा अंगठा

बिएयतो औतेरिन्यो यांना व्हिडिओ हवा होता.
कसला, ते ठाऊक नव्हतं.
"चांगला," म्हणाले, "विगोच्या त्या दोरवाल्यांचा आहे तसा."
दोरवाल्यांचा मीच केला होता.
त्यात दोर कुठेच दिसत नाही, सूर्यास्त दिसतो,
हे मी बोलले नाही.

बुरेला बंदर, जानेवारी. लाइफजॅकेटच्या कारखान्यात
वरच्या खोलीत हीटर गुरगुरत होता.
खाणावळीतल्या पोऱ्यानं पदार्थ सांगावेत
तसे मी एका दमात प्रकार सांगत गेले:
ओळखपट, तीन मिनिटं, ड्रोन धरून,
म्हणजे उंटावरून शेळ्या;
आजोबांपासूनचा इतिहास, जुने फोटो, हळू पियानो;
समाधानी ग्राहक, पाठीमागे फिकट भिंत;
नोकरभरतीचा, ज्यात सगळे हसत जिना चढतात.
"हसत?" शिलाईखात्यातली साबेला म्हणाली,
कॉफी ठेवायला आलेली.
"आमचा जिना चढताना गुडघे बोलतात."

बिएयतोंना सगळेच हवे होते. एकातच.
एका पातेल्यात खीर आणि रस्सा.

बघणार कोण, मी विचारलं.
"सगळे."
सगळे म्हणजे कोणीच नाही, हे या धंद्यात
मला अकरा वर्षांनी कळलं, त्यातली नऊ
सूर्यास्तात गेली.

मग म्हणाले, ग्राहक! समाधानी! आहे आमच्याकडे एक.
अमारो. सात तास पाण्यात, आमच्या जॅकेटात.
याहून मोठी जाहिरात कुठली?

अमारो धक्क्यावर जाळं सांधत होता.
मान वर केली नाही. मी तिपाई उघडली,
थोड्या वेळानं मिटली.
दोरा दातांनी तोडून तो बोलला:
"आम्ही पाच होतो. पाचही जॅकेटं यांचीच.
चांगली होती.
तिघांनी पायांमधला पट्टा लावला नव्हता.
जॅकेट वर राहिलं, माणूस खाली गेला.
माझं तोंड दाखवून काय होणार, पोरी?
पट्टा दाखव."

तिघं, आणि तो. पाचव्याचं मी विचारलं नाही.

परत वर गेले तर हीटर बंद पडलेला.
वहीतली यादी खोडली नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला लागेल.
तिच्याखाली लिहिलं:
बोटीवरचं जेवणघर. कोपऱ्यात टीव्ही, आवाज बंद.
बघणारे दमलेले; केप व्हर्डेचे, पेरूचे, सेनेगलचे, इथले,
एकाचं बोलणं दुसऱ्याला अर्धंच कळणारे.
म्हणून निवेदन नको. संगीत नको.
आजोबा नकोत.
बिएयतो भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिले,
जणू मी म्हाताऱ्याला घराबाहेर काढायला सांगितलं.

साबेलाचे हात घेतले.
तीस वर्षं त्याच शिवणीला हिसका देणारे,
तर्जनीवर मशीनच्या सुईचा पांढरा व्रण.
घाल. ओढ. पट्टा पायांमधून.
खटका.
पुन्हा ओढ.
चाळीस सेकंद.
ड्रोनच्या पैशात माझं गळकं छप्पर
दुरुस्त व्हायचं होतं, ते राहिलं.

पहिल्यांदा दाखवला तेव्हा बिएयतो म्हणाले, "आपला लोगो?"
खटक्यावर आहे.
पण नेमक्या त्या क्षणी साबेलाचा अंगठा
त्याच्यावर येतो. खटका लावायचा
तर अंगठा तिथेच लागतो.
"पुन्हा घेता येईल?"
येईल, म्हटलं. मग खोटं खोटं लावावं लागेल.

त्यांनी तीनदा पाहिला.
तिसऱ्यांदा मला दिसलं, टेबलाखाली
त्यांचा हात मांडीशी काहीतरी चाचपडत होता.
"राहू दे," म्हणाले.

बिल मात्र एकवीस दिवस उशिरा चुकतं केलं.
सोबत चिठ्ठी: पुढच्या वर्षी, जमलं तर,
एक सूर्यास्त. अगदी छोटा.