जिभेखाली

रोज सव्वानऊला जुन्या इमारतीच्या मागे,
धोबीखात्याला लागून असलेला जिना.
पाटी नाही. ज्याला यायचं त्याला सापडतो.
कार्डावर माझं नाव नाही, दोनशे सतरा आहे.

सिस्टर लोबो गोळी चमच्याने चुरडते,
जिभेखाली ठेवते ती पांढरी चिमूट
आणि बाकाकडे बोट करते.
दहा मिनिटं बोलायचं नाही. गिळायचं नाही.
मग आ करायचा, जीभ उचलून दाखवायची,
शाळेत सोमवारी नखं दाखवायचो तशी.

घरी सांगितलंय, फिजिओथेरपी.
खोटं तसं अर्धंच. कंबर खरंच मोडली होती,
नायगावला, लिफ्टच्या खड्ड्यात,
तेलकट स्प्रिंगांवर उताणा पडलो तेव्हा.
आधी गोळ्या दुखण्यासाठी होत्या.
नंतर दुखणं गोळ्यांसाठी.
नेमकं कधी, ते सांगता येत नाही.
दोन मजल्यांच्या मधे आकडा दिसत नाही कुठलाच.

बाकावर फोन थरथरतो.
भोईवाड्यात लिफ्ट अडकलीय, आत म्हातारे गृहस्थ आहेत,
शेठ, कधी येताय?
मी म्हणतो, हं.
इरफान म्हणतो, किती वेळ?
मी म्हणतो, हं हं.
तो पोरगा पान्याचे नंबर न सांगता ओळखतो,
एवढं मात्र ओळखत नाही. किंवा ओळखतो.

एकदा रांगेत पुढे तांडेल होता,
आमच्याच चाळीतला, दुसरा माळा.
दोघांनीही एकदमच भिंतीवरचा
क्षयरोगाचा तक्ता वाचायला घेतला.
गणपतीच्या वर्गणीला तो आला तेव्हा
मी शंभर जास्त दिले. त्याने पावती फाडली
आणि वर पाहिलं नाही.

डॉक्टर बोंद्रेंना विचारलं, हळूच,
दार लोटून घेऊन:
दुसरं काही नाही का? रोजचं येणं नको.
दादरला एक खाजगी डॉक्टर आहेत म्हणे, मागच्या दाराने घेतात,
त्यांची फी म्हणजे माझा अर्धा पगार.
महिन्याला एकच इंजेक्शन असंही असतं म्हणे कुठेतरी.
ते म्हणाले, इथे नाही.
इथे फार तर एका आठवड्याच्या गोळ्या घरी देता येतील.
कुलपाचा डबा लागेल.
आणि घरच्या एका माणसाची सही.

म्हणजे कुणाला कळू नये म्हणून
कुणाला तरी सांगायचं.
मी तीन आठवडे तो फॉर्म
मल्टिमीटरच्या पाऊचमध्ये घेऊन फिरलो.

शेवटी वैजयंतीला म्हटलं, उद्या चल जरा.
कुठे, ते सांगितलं नाही. तिने साडी बदलली,
केसात क्लिप लावली, जणू
कुणाला बघायला जायचं आहे.
धोबीखात्याच्या वाफेतून जिना चढताना
तिने एकदा मागे पाहिलं, इतकंच.

मी सगळं बोलणार होतो, शपथ.
पण सिस्टरने आधी नंबर पुकारला,
चिमूट जिभेखाली गेली,
आणि ती बाकावर माझ्या शेजारी बसून
फॉर्म वाचू लागली. पहिल्यापासून. सावकाश.
मग विचारलं, किती दिवस?

मी दहा बोटं दाखवली.
मग चार.
चौदा दिवस?
मी मान हलवली.
तिने माझे हात धरून खाली ठेवले,
मांडीवर, जसे बसमध्ये झोपलेल्या मुलाचे ठेवतात,
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली.
सहा मिनिटं उरली होती.
मला गिळता येत नव्हतं.

डबा तिनेच आणला, लोहार चाळीतून,
बिस्किटाच्या रंगाचा, छोटं पितळी कुलूप.
किल्ली तिच्या बांगडीतल्या सेफ्टी पिनेला,
भाजी चिरताना वाजते.
आता सकाळी सहाला, चहाच्या आधी,
पोरं उठायच्या आत,
ती ट्यूबलाइटखाली मला उभं करते.
आ कर, म्हणते.
जीभ उचल.
अजून बाकीचं काही विचारलेलं नाही तिने.
दहा मिनिटं आम्ही दोघंही बोलत नाही,
आणि मग मी दूध आणायला जातो.