रुमालाखाली

मार्केट यार्डात बावीस वर्षं
मी हळदीचे सौदे बघितले.
बघितले म्हणजे काय,
बघण्यासारखं तिथं काही नसायचंच.
एक रुमाल, त्याखाली दोन हात,
अडत्याचा अंगठा व्यापाऱ्याच्या बोटांवर,
आणि भोवतीचे सगळे डोळस
भिंतीसारखे कोरे.
भाव फक्त कातडीला कळायचा.

मग काचबिंदू आला.
वसुलीला आलेल्या माणसासारखा
कडेकडेनं घरात शिरला.
आधी बाजूनं येणारी सायकल नेली,
मग उंबरा, मग सरस्वतीचा चेहरा.
शेवटी उजव्या डोळ्यात
सुतळीच्या गाठीएवढं भोक उरलं.
त्यातनं पिवळं तेवढं कळतं.
"हळद तुला सोडत न्हाई गा," नेमगोंडा म्हणाला.
त्याला पिवळंही नाही.

गेल्या वर्षी स्टँडपाशी फुटपाथ झाला.
उठावाच्या पिवळ्या फरशा,
लांब रेघा म्हणजे चाला,
ठिपके म्हणजे थांबा.
मी चप्पल काढून हातात घेतली.
रडलो नाही, खोटं कशाला सांगू,
पण घसा धरला.
अठ्ठेचाळीस पावलं कुणाचा खांदा न धरता चाललो.
एकोणपन्नासाव्याला कपाळ आपटलं.
रेघ सरळ डीपीच्या पेटीत गेलेली,
जणू आमचा मुक्काम तिथंच.

अर्ज हसीना मुजावरनं लिहिला.
मिरजेच्या सतार करणाऱ्यांच्या घरातली पोर,
भोपळा टिचकीनं ओळखणारी,
आता आमच्या अकराजणांना ठिपके वाचायला शिकवते.
पहिल्या सोमवारी लोकशाही दिनाला गेलो.
टोकन मिळालं. बसलो.
डबे खाल्ले, पुन्हा बसलो.
तीन वाजता शिपाई म्हणाला,
तुमचा नंबर तर केव्हाच येऊन गेला,
समोर पाटीवर लाल अक्षरात लागला होता की!

आला असेल.
आवाज न करता आला.

दुसऱ्या महिन्यात साहेब सुट्टीवर.
तिसऱ्या महिन्यात आम्ही अकरा काठ्या
जिन्याच्या लोखंडी कठड्यावर एकदम वाजवल्या,
तेव्हा कबाडगे साहेब खाली आले
आणि जागेवरही आले.
म्हणाले, पेटी वीज मंडळाची, फरशी आमची,
मधली चार इंच कुणाची ते कागदात नाही.
म्हणाले, तुम्हाला तर देवानं आतला डोळा दिलाय.
हसीना म्हणाली, "तो असू दे साहेब,
तुम्ही बाहेरची फरशी द्या."

मला काय सुचलं कोण जाणे.
खांद्यावरचा टॉवेल काढला,
म्हणालो, साहेब, हात द्या.
रिक्षावाले गोळा झाले, भेळवाला आला,
वडापच्या पोरानं विट्याची आरोळी मधेच सोडली.
टॉवेलाखाली साहेबाचा हात
घामानं ओला, मऊ,
भाषा न येणाऱ्या परगावच्या माणसासारखा.
मी त्याच्या तळव्यावर विचारलं: किती दिवस?
आधी त्यानं पाचही बोटं दाबली.
मी मनगट झटकलं.
यार्डात असंच करतात, एवढ्याला परवडत नाही.
तो थांबला.
पहिल्यांदाच तो आमच्यासारखा उभा होता,
समोरच्याच्या मनात काय चाललंय
ते बोटांनी चाचपत.
मग त्यानं हळूच एक आकडा दाबला.
मी मूठ मिटली.

"किती ठरले, किती?" सगळे विचारतात.
नेमगोंडानं तर चहा सोडायची धमकी दिली.
पण सौदा पुरा होईतो आकडा फोडायचा नसतो.

आज अकरावा दिवस.
सकाळी जाऊन पेटीवर हात ठेवला.
गरम होती, आतल्या आत गुणगुणत होती.
रिक्षावाला म्हणाला, काका,
काल कुणीतरी येऊन पांढरी आखणी केलीया.
मी वाकलो, बोट फिरवलं,
जिभेला लावलं.
चुनाच.

आता तो आखणीचा आहे
की आम्हालाच लावलाय,
हे दिवस भरले की कळेल.
तोवर बोटं मोजतो,
टॉवेल धुतलेला नाही.