डीपीची पेटी

उईके म्हणतो, लाइनमन असाच पाहिजे.
ज्यानं दुसऱ्यांदा पाहिलं नाही
त्याचा फोटो सबस्टेशनच्या भिंतीवर आहे, हार घालून.
खरं आहे.
पण मी डीपीची पेटी एकतीसदा पाहतो
आणि तिसाव्या वेळी कुणी हाक मारली
तर पुन्हा एकपासून.

त्या रात्री भाकर मोडता मोडता
ताटात दिसलं पोर. पेटी उघडी, आत हात,
बाजूला त्याची बकरी.
सायकल काढली. सात किलोमीटर.
पेटी लावलेली, तारेचा पीळ जसाच्या तसा.
बोटानं चाचपला, परत निघालो,
आणि नाल्याच्या पुलावर पाय थांबले:
चाचपला तो पीळ आजचा, की कालचा?

बहीण म्हणते, आमच्या यांचंही असंच,
तहसीलीत पेनंसुद्धा रांगेत.
पण भाऊजी रांग लावून खुशीत चहा पितात,
रांग मोडणाऱ्यावर ओरडतात.
मला माझीच रांग मोडायची आहे.

माय म्हणाली, बाहेरचं हाय बावा.
हँडलला लिंबू बांधलं.
दोन दिवसांत मी त्याचीही गाठ तपासू लागलो.

(बापही कडी ओढून पाहायचा.
एकदा कडीच हातात आली.)

दारव्ह्याला मंगळवारी डॉक्टर येतात.
बाकावर शेजारी परसराम. त्याला
मोटारपंपातून हुकूम येतात
आणि तो ते पाळतो, सरकारी असल्यासारखे.
क्षणभर हेवा वाटला.
त्याला शंका नव्हती.

बाईंनी विचारलं,
पेटी उघडी आहे असं कोण सांगतं?
मीच.
पटतं तुम्हाला?
नाही.
मग जाता कशाला?

मी पंख्याकडे पाहत राहिलो.
तेवढ्यावरच त्यांना कळलं बहुतेक.
ओसीडी, म्हणाल्या. वीजबिलाच्या कोडासारखं नाव.
गोळी लिहिली, आणि घरचा अभ्यास:
पेटी एकदा लावा. मोबाइलमध्ये फोटो नको.
उईकेला विचारायचं नाही.
भीती आली तर येऊ द्या,
तिला काही सांगत बसू नका.

आज बोरगावची पेटी एकदाच लावली.
आता पुलावर आहे, सायकल स्टँडवर,
मान पाठीमागे वळायला बघते.
समोरून बकऱ्या घरी चालल्यात,
मागे काठीवाला पोरगा, शीळ घालत.
त्याच्या हातांकडे मी पाहिलं नाही.

बकऱ्या मोजल्या.
नऊ.