अकरा हातांचा

शनिवारी सकाळी दहाला
किलीबेग्सच्या चर्चमागल्या हॉलमध्ये
आम्ही राक्षस करायला बसतो.
बाहेर धक्क्याला ट्रॉलर, आणि मॅकरेलचा वास
दार न वाजवताच आत येऊन बसलेला.

मी जुनी वर्तमानपत्रं अंथरते,
अंड्यांचे पुठ्ठे, जोडीदार हरवलेले मोजे,
आणि एका डबीत दोनशे डोळे,
प्लॅस्टिकचे, आत काळी टिकली डुगडुगणारे.
डबी सांडते.
दर हॅलोविनला सांडते.
मग अर्धा तास आम्ही सगळे ओणवे
आणि फरशी टकामका आमच्याकडे बघत.

डर्वला एकटीच हिरवा रंग संपवते, कोपरापर्यंत.
तिच्या राक्षसाला दात हवेत, पण टोचणारे नकोत.
"त्याच्या घरी बाळ आहे," ती सांगते,
आणि कापसाचे बारा दात
एकेक दाबून बसवते.

फिअक्राचा राक्षस म्हणजे नुसताच डिंक.
"वाळला की दिसेल," तो म्हणतो.

कॉर्मॅकने मात्र हात मोजून घेतलेत.
केसाळ तारांचे. अकरा.
"अकरा कशाला रे?"
तो माझ्याकडे बघतो,
जसं लिलावात अडाणी गिऱ्हाइकाकडे बघतात.
"दोन जाळं ओढायला. दोन बर्फ उपसायला.
दोन पंपाला. एक चहाचा.
एक फोनला, रेंज आली तर.
दोन नुसते धरून ठेवायला, लाट आली की."
मी मनात बेरीज करते. दहा.
"आणि राहिलेला?"
तो डिंकाची बाटली पालथी करून
तिच्या पाठीवर थोपटत राहतो.

तेवढ्यात पॅकी गॅलहर येतो,
ब्याऐंशी वर्षांचा, कोटाच्या खिशात सलगम.
भोपळा त्याला मान्य नाही.
"भोपळा पाहुणा. लोण्यासारखा कापला जातो.
कोरताना मनगट भरून आलं नाही
तर भीती उतरणार कुठून त्यात?"
हॉलचे दोन चमचे वाकतात.
तिसरा त्याने घरून आणलेला, आधीच वाकलेला.
सलगमातून ओल्या मातीचा, शिळ्या कोबीचा दर्प.
मुलं नाकं धरतात
आणि जवळ सरकतात.

दोन भोकं. एक तिरकी फट.
आत मेणबत्तीचं थोटूक.
मी पडदे ओढते.
आणि आमचे सकाळपासूनचे सगळे राक्षस,
चमकी लावलेले, शेपट्यांचे,
एकदम नुसते पुठ्ठे दिसू लागतात.
सलगम काही करत नाही.
मागणं विसरलेल्या म्हाताऱ्यासारखा
आंबट तोंडाने बघत बसतो.
"मी कशालाच घाबरत नाही" असं
मला चारदा सांगितलेला फिअक्रा
माझ्या एप्रनमध्ये शिरतो.
डिंकासकट.

साडेबाराला आया येतात,
एक आजोबा, एक नाराज मोठी बहीण.
ओले राक्षस तळहातांवर धरून
मिरवणूक पावसात निघते.
कॉर्मॅक दारात थांबतो. मागे न वळता,
"दार वाजवायला," म्हणतो.

"काय?"

"अकरावा. बाबाकडे किल्ली असते,
तरी तो वाजवतो. जोरात.
आम्ही किंचाळावं म्हणून."
त्याची आई वर बघत नाही,
त्याच्या टोपीची नाडी बांधते,
सोडते, पुन्हा बांधते.
"गुरुवारी," ती म्हणते,
मला की त्याला की वाऱ्याला.

मग मी एकटी. झाडू, बादली,
खुर्चीला चिकटलेला एक बिनराक्षसाचा हात.
पॅकी चमचा पुसून खिशात घालतो,
सलगम खिडकीत ठेवून जातो,
धक्क्याकडे तोंड करून.

घरी कोट काढताना सापडला:
माझ्या कोपराच्या मागे, घट्ट,
एक डोळा.
दुपारभर मी जिथून निघाले
तिकडे बघत आलेला.