हयातीचा दाखला

अंगठा पाचव्यांदा ठेवलाय सुपडू आप्पांनी.
काचेखाली लाल उजेड, पडद्यावर चकती फिरतेय,
आणि नेमकं तेव्हाच
खालच्या उजव्या कोपऱ्यातून डबा वर सरकतो.
टिंग.
अभिनंदन! तुमचा संगणक आता आणखी सुरक्षित होऊ शकतो.
मी डबा मिटवते.
तोवर अंगठ्याची वेळ संपलेली.

टिंग. प्रिंटरला शाई हवी.
शाई गेल्या मंगळवारी मीच भरली.
टिंग. नाशकात ढगाळ हवामान.
आम्ही पारोळ्यात, बाहेर लख्ख ऊन,
कापसाची ट्रॉली भिंतीला घासून गेली
तर पायरीवर पांढरी बोंडं सांडलेली.

मग पडद्याच्या मधोमध,
फॉर्मवरच मांडी घालून बसलेली पाटी:
आता रीस्टार्ट करा. नंतर आठवण करा.
दोनच बटणं.
नको म्हणायला जागाच नाही.

"कोन बलाई ऱ्हायनं तुले, बेटा?"
कुणी नाही आप्पा, मशीन आहे.
"मंग तू दर टाइमले कसाले उठस?"
मी कुठे उठले?
खुर्ची तर तीच.

चाळीस वर्षं कोतवाल होते, बोरीकाठच्या गावात.
डफ, काडी, आणि ऐका हो.
लस आली, लिलाव आहे, पाटाला पाणी सुटणार.
तिठ्यावर एकदा, चावडीपुढे एकदा.
तिसऱ्यांदा वाजवलं तर लोक म्हणत, कोतवाल प्यायलाय.
एका गल्लीत सून अडलेली,
तिथून डफावर तळहात दाबून गेले, श्वाससुद्धा हळू.
मयताच्या घरी निरोप तोंडीच,
उंबऱ्याबाहेरून,
आधी खाकरून.

"वाजाडनं सोपं शे," आप्पा म्हणाले,
"कोठे नई वाजाडनं, त्याना पगार व्हता."
पगार किती, ते विचारायचं राहून गेलं
कारण टिंग.

मी सेटिंगमध्ये शिरले.
सतरा ठिकाणी चालू, चालू, चालू.
यातल्या कशाला मी कधी हो म्हटलं होतं?
बंद करत गेले, भेंडी चिरावी तसं.
शेवटी एक पाटी काकुळतीला आली:
नक्की? काही महत्त्वाचं राहून जाईल.

ओल्या फडक्यानं त्यांचा अंगठा पुसला.
रेषा नव्हत्याच फारशा,
डफाच्या कडेनं नेलेल्या.
दाबा आप्पा. अजून. हलू नका.

पंखा तेवढा ऐकू येत होता.
चकती थांबली. हिरवं झालं.
सुपडू झिपरू सैंदाणे, हयात.

काहीच वाजलं नाही.
आप्पा तसेच बसून,
अंगठा काचेवर, नजर त्या कोपऱ्याकडे,
कधी वाजेल म्हणून.

मग मी जराशी खाकरले.