चौथा ग्लास

फेरी रद्द. वारा आहे म्हणाले.
म्हणून मी इथं, फियॉर्डकाठच्या बंद पडलेल्या डेअरीत,
जिथं आता बिअर होते.
दाराशी दुधाचे कॅन अजून उलटे टांगलेले,
फरशीला मधोमध उतार, धुतलेलं पाणी जायला,
त्यामुळे टेबलं सगळी एका अंगाला कललेली,
आणि प्यायच्या आधीच
माणसाला वाटतं, चढली.

टोरुननं फळीच्या पाच भोकांत पाच छोटे ग्लास बसवले.
"डावीकडून घे," म्हणाली,
"घाई केलीस तर पाचव्याशी भांडण होतं."

पहिली गव्हाची, ढगाळ. केळ्याचा वास,
म्हणजे केळं नव्हे,
केळं खाऊन झाल्यावर बोटांना उरतं ते.
दुसरी कडू. घोट असेतो गप्प,
गिळल्यावर मागून हाक मारणारी.
तिसरी ज्युनिपरच्या फांद्यांवरून गाळलेली:
लाकूड, थोडा धूर,
स्टोव्हशेजारी वाळत घातलेले लोकरी मोजे.

शेजारच्या स्टुलावर श्यूर.
त्याच्यापुढंही तीच फळी, तेच पाच.
तो पीत नव्हता, माझ्या तोंडाकडं बघत होता.
"काय लागलं?"
केळं, म्हटलं.
"आणि?"
लवंग. बहुतेक.
"आणि?"
मग त्यानं डोळे मिटून घोट घेतला
आणि माझे शब्द घोळवत राहिला.

तीन वर्षांपूर्वीच्या तापात नाक गेलं त्याचं,
टोरुननं हळूच सांगितलं.
हेच नाक या डेअरीनं एकतीस वर्षं पगारावर ठेवलेलं.
सकाळी कॅनचं झाकण उघडायचं, वाकायचं,
एकच शब्द बोलायचा:
चालेल, किंवा परत.
परत म्हटलं की शेतकरी तो कॅन मुकाट उचलून
पुन्हा बोटीत ठेवायचा,
आणि दिवसभर श्यूरशी कोणी बोलायचं नाही.
स्वतःच्या सासऱ्याचं दूधही परत केलंय त्यानं.
दोनदा.

आता दर शुक्रवारी येतो
आणि दुसऱ्यांच्या नाकानं पितो.
कुणाची फेरी चुकली की त्याला बरं,
गावातल्यांची विशेषणं कधीच संपलीत.
गुडवाइग सगळ्यालाच "छान" म्हणते.

भिंतीवर एक लाकडी कडं टांगलंय,
त्याच्या खाचांत यीस्ट वाळवून ठेवलेलं.
विरजणच म्हणा ना.
टोरुनच्या आत्याचं. आत्या गेली तेव्हा घरातलं मरून गेलेलं,
मग शेजारणीकडून मागून आणलं,
जिला ते आत्यानंच कधीतरी दिलेलं.
टोरुन दाखवते. हात लावू देत नाही.

चौथी गुलाबी. लिंगनबेरी घालून
मुद्दाम आंबवलेली.
माझा चेहराच आवळला, शब्द शोधत होते मी,
पण या खेपेस श्यूर थांबला नाही.
एक घोट. भुवया वर.
नाक गेलं होतं, जीभ होती अजून.
त्यानं ग्लास उचलला, हात लांब करून
टोरुनपुढं ठेवला,
आणि कधीकाळच्या आवाजात म्हणाला,
"परत."

क्षणभर फक्त फ्रीजची घरघर.
मग गुडवाइगला हसू फुटलं,
बापाचे किती कॅन आठवले कोण जाणे,
हसता हसता तिनं डोळे पुसले.
टोरुन हसली नाही.
तिनं तो एवढासा ग्लास दोन्ही हातांनी उचलला,
कमरेतून वाकून, जड असल्यासारखा,
दारापर्यंत नेला, काचेतून धक्का पाहिला,
आणि परत आणून त्याच्यापुढं ठेवला.
"आज बोट नाही," म्हणाली. "वारा आहे."

त्यानं तो संपवला. मग माझाही.

पाचवी काळी होती.
तिच्याबद्दल मी त्याला बरंच सांगितलं:
कॉफी, करपलेली साय,
पेटी उघडल्यावरचा जुना कोट.
अर्धं खरं.
तो ऐकत होता माझ्याकडं वाकून,
झाकण नुकतंच उघडल्यासारखा.