पिशवी

वाल्पाराइसोत, ग्रंथालयाच्या तळघरात,
मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सात वाजता
मी नऊ माणसांना वर्तुळ काढायला शिकवते.
संगणक उसने आहेत. दोघांचे पंखे खोकतात.

पहिल्याच दिवशी सांगून टाकावं लागतं :
पडद्याचं शून्य, शून्य असतं वरच्या डाव्या कोपऱ्यात.
तिथून उजवीकडे एक्स वाढतो
आणि वाय वाढतो खाली.
शाळेतला आलेख विसरा.
बेकरीतली यास्ना म्हणाली, उतरायचं आणि वाढायचं?
हे काय भलतंच!

म्हातारे एलेउतेरिओ मात्र मान डोलवत होते.
एकेचाळीस वर्षं त्यांनी टेकडीवरची आसेन्सोर चालवली :
एका दोराला दोन लाकडी डबे,
हा चढतो तेव्हाच तो उतरतो.
आम्हीही वरूनच मोजायचो, म्हणाले.
यंत्रघर वर, दोराची सुरुवात वर,
बंदर सगळ्यात मोठ्या आकड्यावर.

मग रंग. लाल, हिरवा, निळा,
प्रत्येकाला शून्य ते दोनशे पंचावन्न.
ते काड्यापेटीतून एक टवका घेऊन आले,
जुन्या डब्याच्या रंगाचा, नखाएवढा.
पडद्याला लावून धरायचे, आकडा बदलायचे,
चष्मा पुसायचे.
एकशे बेचाळीस, एकतीस, चोवीस.
दीड तास गेला.
बाकीच्यांची तोवर फुलं फिरायला लागली होती.

चौथ्या आठवड्यात हालचाल.
खरं तर हलत काहीच नाही, मी सांगते;
सेकंदाला साठ वेळा सगळं पुसायचं
आणि तेच, किंचित सरकवून, पुन्हा काढायचं.
पुढचं पाठ, मागचं सपाट.
पुसायची ओळ कुणीतरी विसरतंच,
मग चेंडूमागे चेंडूंची लांबलचक अळी
पडदा खात जाते.
यास्नाला तेच आवडलं. राहू दे, म्हणाली,
निदान कळतं तरी कुठून आलो.

दुसऱ्या डब्यासाठी वेगळा वेग लिहा, मी म्हटलं.
एलेउतेरिओ हसले.
चारशेतून पहिल्याचा वाय वजा करा, बाई.
दोर एकच आहे.
(हे मला सुचायला हवं होतं.)

पण तळाशी पोचल्यावर डबा टप्पा खाऊन उलटला,
कारण मी तसंच शिकवलं होतं :
कड आली की वेगाचं चिन्ह बदला.
हे खोटं आहे, ते म्हणाले.
डबा थांबतो. माणसं उतरतात.
एखादी बाई पिशवी विसरते, परत येते.
तेव्हा आम्ही एक नवा व्हेरिएबल केला,
किती फ्रेम थांबायचं ते मोजणारा.
नाव त्यांनीच ठेवलं : पिशवी.
किंमत एकशे ऐंशी.

माउसचा धडा गुरुवारी होता.
जिथे हात, तिथे वर्तुळ, एवढंच.
सात चाळीसला जमीन हलली,
इथे हलते तशी, फार नाही;
कुणी उठलं नाही, सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं.
टेबलावर माउस बोटभर सरकले,
कुणाचा हात नसताना,
आणि नऊ पडद्यांवर नऊ वर्तुळं
थोडी उजवीकडे गेली,
थोडी परत आली.
बारा वर्षांच्या इग्नासियानं विचारलं,
आता कोणी हलवलं?
ओळी तपासल्या. चूक कुठेच नव्हती.
हात कुणाचा, हे आपण कोडला
विचारायला सांगितलंच नव्हतं.

पुढच्या मंगळवारी एलेउतेरिओ लवकर आले होते.
पिशवीची किंमत त्यांनी सहाशे केली होती.
डबा उतरला, तळाशी टेकला.
दहा सेकंद, घड्याळ लावून दहा,
त्या लाल चौकोनासमोर
आम्ही सगळे गप्प बसलो,
ती येतेय का बघत.